भीड चेपायला अर्धा तास : ४५ माणसांसाठी कुठले खेळ घ्यावेत?

चाकणच्या एका कारखान्यात एचआर सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. पुढच्या महिन्यात लोणावळ्याजवळच्या रिसॉर्टवर त्यांच्या लोकांचा एक दिवसाचा कार्यक्रम आहे. माणसं ४५. लाइनवरचे ऑपरेटर, मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर, ऑफिसातली मंडळी आणि नुकतेच लागलेले सहा इंजिनिअर. सकाळचा पहिला अर्धा तास 'आइसब्रेकर घ्या' असं वरून सांगितलंय. गेल्या वर्षी निम्मे लोक भिंतीला टेकून मोबाइल बघत होते. संगीत खुर्चीत हरलेल्यांना नाचायला लावलं, तर त्यातले दोघं जेवणापर्यंत परत हॉलमध्ये आलेच नाहीत. 'यंदा कुठले खेळ घेऊ?' असं त्या विचारतात.

ताई, मी हे काम बावीस वर्षं करते आहे. कारखाने, बँका, शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गट, सगळ्यांबरोबर. खेळ सांगतेच, पण आधी एक शब्द. आइसब्रेकर म्हणजे बर्फ फोडणारं. आपल्याकडे ना असा बर्फ, ना तो फोडायची रीत. आपण म्हणतो 'भीड चेपली'. नवी सून सासरी महिनाभरात मोकळी बोलायला लागते, नवा मुलगा दोन पाळ्यांनंतर डबा सगळ्यांच्या मध्ये उघडतो, तेव्हा म्हणतो. भीड एका दणक्यात फुटत नाही, थोडी थोडी चेपत जाते. गेल्या वर्षी तुमच्याकडे ती फोडायचा प्रयत्न झाला. म्हणून दोघं बाहेर गेले.

हॉलमध्ये पाऊल टाकताना माणसाच्या मनात काय चालू असतं ते बघा. मला एकट्याला पुढे बोलावतील का? माझं हसं होईल का? माझ्या ओळखीचं कोण आहे? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत तो आपल्या विभागाच्या माणसाला चिकटून उभा राहणार. तेव्हा सुरुवातीचे खेळ असे हवेत की त्यांत कुणीच एकटं दिसत नाही, पुढच्यात दोघंच बोलतात, त्यापुढच्यात तिघं-चौघं, आणि सगळ्यांसमोर एकट्यानं बोलण्याची वेळ त्या अर्ध्या तासात येतच नाही. मी खेळ निवडते ते या एकाच मापानं.

याच मापानं पहिली काट मारा ती 'एकेकानं उठून ओळख करून द्या' या प्रकारावर. ४५ माणसं, प्रत्येकी ४० सेकंद, म्हणजे तुमचा अर्धा तास तिथेच संपला. त्यात प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत काय बोलायचं ते मनात घोकत असतो आणि पाळी झाली की सुटलो म्हणून खाली बसतो. दुसऱ्याचं नाव कुणाच्याही लक्षात राहत नाही.

आता तुमच्या सकाळीकडे येते. कार्यक्रम साडेनऊचा असेल तर काम नऊलाच सुरू होतं, चहा-पोह्यांच्या टेबलाजवळ. येणाऱ्याच्या हातात जाड मार्कर द्या आणि नावाची चिठ्ठी त्यालाच लिहू द्या. फक्त पहिलं नाव, मोठ्या अक्षरात, आडनाव नाही. हा मुद्दा मी कधीच सोडत नाही. आपल्याकडे 'आडनाव काय?' आणि मागोमाग 'गाव कुठलं?' हे प्रश्न कशासाठी विचारले जातात ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणाऱ्याच्या मनात काही नसलं तरी ऐकणाऱ्याच्या पोटात कालवाकालव होते. ज्या अर्ध्या तासात माणसानं सैल व्हायचं, त्याच्या पहिल्याच मिनिटाला त्याला जातीच्या उंबऱ्यावर उभं करू नका. हुद्दाही चिठ्ठीवर नको. चिठ्ठ्यांचे कागद मात्र विभागाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांचे ठेवा, ते शेवटी उपयोगाला येतील.

भिंतीवर एक मोठा कागद लावा. वर लिहा : 'आज पोह्यांवर काय हवं?' खाली चार रकाने : शेव, खोबरं, लिंबू, काहीच नको. आलेल्या माणसानं एक रंगीत गोल स्टिकर आपल्या रकान्यात लावायचा. बस, एवढंच. पण एकट्यानं आलेल्या माणसाला हातात बशी घेऊन उभं राहायला जागा मिळते, आणि शेजारचा 'शेव नाही? असं कसं?' म्हणतो तिथे बोलणं सुरू होतं. पूर्वी मी स्टिकरऐवजी टिकल्यांची पाकिटं न्यायची. स्वस्त आणि गावात कुठेही मिळणारी. एका प्रशिक्षणात एक बाई टिकली बोटावर घेऊन कागदासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या होत्या. बाकीच्या मागून पुढे जात होत्या, त्या तशाच. त्यांच्या नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते, हे मला दुपारी कळलं. तेव्हापासून टिकल्या बंद. तुमचा खेळ कुणाच्या कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवेल हे आधी कळत नाही, म्हणून सामानसुद्धा असं निवडायचं की ज्याला दुसरा अर्थ नाही.

साडेनऊला खुर्च्या भिंतीला लावून मधली जागा मोकळी करा. सगळ्यांना एका मोठ्या वर्तुळात उभं करा आणि पहिला खेळ घ्या टाळी पुढे देण्याचा. तुम्ही उजवीकडच्या माणसाकडे वळायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि दोघांनी एकाच क्षणी आपापली टाळी वाजवायची. मग तो त्याच्या उजवीकडे वळतो. टाळी वर्तुळभर फिरून परत तुमच्याकडे. पहिल्या फेरीत ती अडखळते, लोक हसतात, हसू द्या. कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा आणि म्हणा, 'आता याच्या निम्म्या वेळात.' दोन-तीन फेऱ्यांत टाळी पळायला लागते. चौथ्या मिनिटाला थांबवा.

एवढ्या साध्या खेळानं सुरुवात का? त्यात एक शब्दही बोलावा लागत नाही. तुमच्या लाइनवर मराठीबरोबर हिंदी, ओडिया, भोजपुरी बोलणारी मुलंही असणार, पहिला खेळ शब्दांचा असला की ती आपोआप मागे सरकतात. १९३०च्या दशकाच्या शेवटी शिकागोमध्ये व्हायोला स्पोलिन या बाई स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर नाटकाचं काम करत होत्या, तेव्हा त्यांनी अशा खेळांची एक पद्धतच उभी केली. पुढे अमेरिकेतलं उत्स्फूर्त नाटक त्यातूनच वाढलं. त्यांचं मर्म माझ्या शब्दांत सांगायचं तर असं : माणसाला लक्ष ठेवायला एक ठोस गोष्ट द्या, म्हणजे तो स्वतःकडे बघायचं विसरतो. टाळी कुठून येतेय यावर नजर असली की हात कुठे ठेवू, मी कसा दिसतो, हे डोक्यातून जातं. लाजणाऱ्याला 'लाजू नका' सांगून काही होत नाही. त्याला काम द्यावं लागतं.

दुसरा खेळ ओळखीचा, 'शिवाजी म्हणतो'. 'शिवाजी म्हणतो हात वर' म्हटलं तर हात वर करायचे, नुसतं 'हात वर' म्हटलं तर नाही. शाळेत सगळे खेळलेले असतात, त्यामुळे समजावण्यात वेळ जात नाही आणि चाळिशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावरही शाळेतलं हसू येतं. परप्रांतातल्या मुलांना दोनदा करून दाखवलं की पुरतं. पण शाळेत चुकलेला बाद व्हायचा, तो नियम इथे काढून टाका. दोन वर्तुळं करा, दोन्हीकडे एकेक जण हुकूम सोडेल. जो चुकला तो बाद न होता पळत दुसऱ्या वर्तुळात जातो आणि ते वर्तुळ त्याला टाळ्या वाजवून आत घेतं. तिथे चुकला की परत पहिल्यात. पाच मिनिटांत वर्तुळं पार मिसळून गेलेली असतात, जो जास्त चुकला तो जास्त लोकांना भेटलेला असतो.

बाद करणारा कुठलाही खेळ सकाळी नको. संगीत खुर्चीत पहिल्या पाच मिनिटांत जे बाहेर पडतात ते बहुधा तेच असतात, ज्यांना आत ओढायला तुम्ही हा खटाटोप मांडलेला असतो. वयानं मोठे, बुजरे, गुडघे दुखणारे, साडी नेसलेल्या. मग ते वीस मिनिटं भिंतीला उभे राहून तरुण पोरांची ढकलाढकली बघतात. आणि हरलेल्याला शिक्षा, म्हणजे नाच, गाणं, कोंबड्याचा आवाज, याबद्दल मी फार कडक आहे. माझ्या कार्यक्रमात शिक्षा नाही, कुणी वरिष्ठानं गमतीनं सुचवली तरी नाही. ज्या माणसाचं एकदा सगळ्यांसमोर हसं झालं तो दुपारच्या चर्चेत तोंड उघडणार नाही, आणि तुम्हाला हवं ते नेमकं तिथेच असतं.

तिसरा खेळ रांगेचा. सगळ्यांना सांगा : घरातून ड्युटीवर पोचायला किती मिनिटं लागतात, त्याप्रमाणे एका ओळीत उभे राहा. सगळ्यात कमी या टोकाला, सगळ्यात जास्त त्या टोकाला. आता बोलायची परवानगी आहे, किंबहुना बोलल्याशिवाय रांग लागतच नाही. 'तुम्हाला किती?' 'मोशीवरून पाऊण तास.' 'मला मंचरहून बस, सव्वा तास.' 'तळेगाव चौकात अडकलो तर विचारू नका.' त्या चौकातल्या कोंडीवर तुमच्या कारखान्यातला प्रत्येक माणूस, ट्रेनीपासून प्लँट हेडपर्यंत, पोटतिडकीनं बोलू शकतो. सगळ्यांचा सारखा अनुभव असलेला आणि कुणाचंच काही उघडं न पाडणारा विषय, याहून जास्त काही लागत नाही. 'गाव कुठलं' न विचारता माणूस कुठून येतो हे कळलेलं असतं.

रांग लागली की ती मधोमध दुमडा. पहिल्या टोकाचा माणूस चालत जाऊन शेवटच्यासमोर उभा राहतो, त्याच्या मागून ओळ वळते, आणि प्रत्येकासमोर एक जण येतो. ४५ मध्ये मधला एक उरेल, तिथे तिघं उभे राहतील. पाच मिनिटांत चालत येणारा आता दीड तास बसमध्ये काढणाऱ्यासमोर असतो. त्यांना दोन मिनिटं द्या : वाटेत रोज दिसणारी एक गोष्ट एकमेकांना सांगा. एका कार्यक्रमात एक ऑपरेटर समोरच्या अकाउंट्सच्या बाईंना सांगत होता की सकाळी सहाला रस्त्याकडेच्या फुलांच्या शेतात बायका डोक्याला बॅटरी लावून झेंडू तोडतात, आणि बस तिथून जाते तेव्हा तो मुद्दाम खिडकीशी बसतो. त्या म्हणाल्या, 'तुमची स्लिप मी सात वर्षं बघतेय, तुम्हाला आज बघतेय.' मी त्यांना थांबवायला गेले होते, तशीच मागे फिरले. वेळापत्रकात तेवढी दोन मिनिटं जास्तीची धरून ठेवा.

चौथा आणि शेवटचा, 'डोंगराला आग लागली, पळा पळा पळा'. मोठ्यांच्या हॉलमध्ये पळण्याऐवजी चालायचं. सगळे मोकळे फिरतात, तुम्ही 'डोंगराला आग लागली' म्हणता, ते 'पळा पळा पळा' म्हणतात आणि तुम्ही आकडा पुकारता. दोन म्हटलं की दोघादोघांनी एकत्र यायचं, चार म्हटलं की चौघांनी. आमच्याकडे उरलेला बाद व्हायचा. इथे उरलेल्यानं कुठल्याही गटात जादा म्हणून शिरायचं आणि त्या गटानं त्याला हाक मारून बोलवायचं. प्रत्येक आकड्याला एक प्रश्न. दोनला अगदी हलका : सुट्टीच्या दिवशी सकाळी दहाला तुम्ही कुठे सापडता? चारला मात्र कामाकडे वळा : तुमच्या विभागात रोज होणारं एक काम, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. या प्रश्नावर मी फार वर्षं जीव लावून बसले आहे. स्टोअरचा माणूस सांगतो की 'अर्जंट' लिहिलेल्या स्लिपांचा ढीग येतो, त्यातली खरी अर्जंट कुठली ते तो अक्षरावरून ओळखतो. मेंटेनन्सवाला सांगतो की मशीन बंद पडायच्या आधी आवाज बदलतो आणि तो आवाज त्याला घरी झोपेतही आठवतो. ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात.

शेवटचा आकडा पाच पुकारा आणि म्हणा, 'प्रत्येक गटात निदान तीन रंगांच्या चिठ्ठ्या हव्यात.' ४५ माणसांचे नेमके नऊ गट पडतील. हेच तुमचे दिवसभराचे गट. 'आता गट पाडू या' म्हटल्यावर जी अवघडलेली शांतता पसरते ती टळते, कारण गट पडलेलेच असतात. त्यांना तिथेच खाली किंवा खुर्च्यांवर बसवा आणि पुढचं सत्र सुरू करा. 'या खेळातून आपण काय शिकलो' हे भाषण करू नका. भाषण सुरू झालं की लोक परत प्रेक्षक होतात.

घेऊ नका असे काही खेळ, कारणांसकट. सगळ्यांनी हात गुंफून गाठ सोडवायची, किंवा मागे झोकून द्यायचं आणि इतरांनी झेलायचं, हे पहिल्या तासात मिश्र गटात नको. अनोळखी पुरुषाचा हात धरायला नको वाटणारी बाई 'नको' म्हणू शकत नाही आणि दिवसभर आक्रसून राहते. उखाणे नकोत. हौसेनं घेणाऱ्या चौघी असतात, पण त्यांच्या शेजारी अविवाहित, घटस्फोटित, विधवा अशा कुणी ना कुणी उभ्या असतात. शाकाहारी-मांसाहारी असे कोपरे करू नका, त्याचा अर्थ जेवणापलीकडे जातो. गाण्याच्या भेंड्या बसमध्ये छान, हॉलमध्ये दहा जण गातात आणि पस्तीस ऐकतात.

आणि 'तुमच्या नावामागची गोष्ट सांगा' हा खेळ, जो ऐकायला इतका निरुपद्रवी वाटतो. मी तो अनेक वर्षं घेतला. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर बाईचं नवं नाव लिहायची पद्धत कित्येक घरांत होती. एका बचत गटाच्या बैठकीत पन्नाशीच्या एका बाईंनी माहेरचं नाव उच्चारलं आणि पुढे बोलताच येईना. आणखी एका ठिकाणी एका मुलीनं 'माझं नाव नकोशा' एवढंच सांगितलं. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुशी' हे नाव लावणाऱ्या अडीचशेहून अधिक मुलींची नावं समारंभ करून बदलली होती, म्हणजे हे काही एखाददुसरं उदाहरण नव्हे. त्या मुलीला अनोळखी लोकांत ते सांगायला मी भाग पाडलं, आणि माझ्याजवळ पुढचा खेळ होता, तिच्यासाठी काहीच नव्हतं. तीन दिवसांच्या निवासी शिबिरात, तिसऱ्या रात्री, ज्याला वाटेल त्यानं सांगावं, तिथे हा विषय शोभतो. सकाळी साडेनऊला नाही.

साहेबांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण अडणार तिथेच आहे. प्लँट हेड हाताची घडी घालून कडेला उभे राहिले तर वर्तुळातला प्रत्येक जण त्यांच्यासाठी खेळतो. आदल्या दिवशी त्यांच्याशी पाच मिनिटं बोला : एक तर पूर्ण वेळ आत या, नाही तर दहाला या, पण मधोमध फोन घेऊन बाहेर-आत नको. आणि खेळात पहिले येऊ नका. साहेबांनी 'शिवाजी म्हणतो'मध्ये एकदा चुकून दुसऱ्या वर्तुळाकडे धाव घेतली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

ज्यांना खेळायचं नाही त्यांची सोय सुरुवातीलाच मोठ्यानं जाहीर करा. 'गुडघा, कंबर, उपवास, काहीही असेल, कारण सांगायची गरज नाही. माझ्याकडे घड्याळाचं आणि आकडे पुकारायचं काम आहे, ते करायला या.' गर्भवती बाईला सगळ्यांसमोर कारण सांगावं लागू नये. अशी मोकळीक दिली की खरोखर बाहेर बसणारे दोन-तीनच निघतात, आणि त्यांतला एखादा डोंगराच्या वेळी आपण होऊन आत येतो.

अर्ध्या तासात टीम तयार होत नाही, हेही वरच्यांना आधी सांगून ठेवा. ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये गटांच्या वाटचालीचे टप्पे मांडले. त्यात एकत्र येण्यानंतरचा टप्पा खटके उडण्याचा आहे. दुपारच्या सत्रात मेंटेनन्स आणि प्रॉडक्शनमध्ये वाद झाला तर सकाळ फुकट गेली असं नाही. तोंडावर वाद घालण्याइतकी भीड चेपली, असंच मी तरी समजते.

सूचना देताना एक पथ्य पाळा. आधी लोकांना जागेवर उभं करा, मग नियम सांगा, तोही तीन वाक्यांत, आणि लगेच करून दाखवा. शिट्टी नको, तिनं पीटीचा तास आठवतो. हात वर केला की बघेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं, एवढी खूण पुरते. पावसाळा आहे, लॉन ओलं असेल, तेव्हा रिसॉर्टवाल्यांना हॉलच्या फरशीबद्दल आधीच विचारून ठेवा. ओल्या चपलांनी गुळगुळीत फरशीवर कुणी घसरलं तर उरलेला दिवस तिथेच संपतो. दाराशी गोणपाट टाकून घ्या.

माइक मात्र घेऊ नका. हातात माइक आला की पाय आपोआप स्टेजकडे वळतात. तुम्ही वर्तुळात, सगळ्यांच्या ओळीतच उभ्या राहा, आणि पहिली टाळी उजवीकडच्या माणसाला तुम्हीच द्या.